जाड पुठ्ठ्याचं पुस्तक अन् सात रविवार

हसणार न्हाई असं कबूल करा, मंगच सांगतो. न्हाई, तुम्ही हसणारच. निदान चहाचा कप तरी खाली ठेवा.

नव्वदीच्या शेवटची गोष्ट. मी बदनापूरहून रोज रेल्वेनं औरंगाबादला कॉलेजला जायचो. तिथं होस्टेलच्या पोरांनी एक खेळ दाखवला. पट न्हाई, सोंगट्या न्हाई. एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं, अन् डाव जमला का फसला ते फासे टाकून ठरवायचं. मी तर येडाच झालो. गावात येऊन दोन दोस्तांना नाद लावला. एक वाडीवरचा सुदाम, दुसरा कापड दुकानवाल्या मारवाड्याचा पारस.

या खेळाच्या तयार गोष्टीची पुस्तकं मिळतात. मी एका नातलगाच्या लग्नाला हैदराबादला निघालो तवा दोघांनी चारशे रुपये जमवून माझ्या हातात ठेवले. तिथं फुटपाथवर दोन पुस्तकं सापडली. एक पातळ, साठ रुपयांचं. दुसरं जाड पुठ्ठ्याचं, वर अजगर, बराबर चारशेला. मी जाडच उचललं. आपली नजर मोठी ना.

सुदामचं तोंड उतरलं. "आरं, साठात भागलं असतं की."

"पुठ्ठा बघ पुठ्ठा. वर्षभर खेळू," मी म्हणलो. "न्हाई पुरलं तर चारशे मी परत करीन."

आता पुस्तक इंग्रजीत, अन् या दोघांच्या इंग्रजीचा आनंदच. पण मी लहानपणापासून श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी वाचलेला माणूस. एकानं वाचायचं, अर्थ सांगायचा, बाकीच्यांनी ऐकायचं. पुस्तक हातात आलं की दुसरं काय करतात, तुम्हीच सांगा. रविवारी सकाळी पारसच्या गोदामात कापडाच्या गठ्ठ्यांमधी मांडी घातली अन् पहिल्या अध्यायापासून सुरू केलं. प्रस्तावना सोडली. प्रस्तावना कोण वाचतं?

काय रंगलं म्हणता वाचन! किल्ल्यात फसवी फरशी कुठली, राजाला विष कुणी दिलं, चावी कुठं लपवली, सगळं हातवारे करून सांगून राह्यलो होतो. पारसचे बाबूजी गल्ला सोडून येऊन बसायचे. "फिर क्या हुआ, महाराज?" सात रविवारांत पुस्तक संपलं. समाप्तीला सुदामनं नारळ फोडला, बाबूजींनी पेढे वाटले. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला न्हाई.

आठव्या रविवारी फासे काढले.

"तुम्ही किल्ल्याच्या दारात उभे आहात," मी आवाज लावला. "आत अंधार. काय करता?"

"तिसरी फरशी सोडून डावीकडं वळतो," सुदाम म्हणला.

"पुजाऱ्याच्या पगडीतून चावी काढतो," पारस म्हणला.

"आरं, पुजारी अजून भेटलाच न्हाई तुम्हाला."

"मंग भेटतो अन् काढतो. अजगराला उठवत न्हाई. सिंहासनाखालची पेटी उचलतो."

"पहिले त्या प्रधानाला बांधा रे," बाबूजी पेढ्याचा खोका झाकत म्हणले, "विष त्यानंच दिल्तं."

बारा मिनिटं. वर्षभराचा खेळ बारा मिनिटांत खलास, अन् फासा एकदाबी पडला न्हाई.

चुकलं कुठं म्हणून पुस्तक उघडलं. प्रस्तावनेच्या वर चौकटीत ठळक छापलेलं. पारसनं बोट ठेवून ठेवून वाचलं, एवढं इंग्रजी त्यालाबी येत होतं: हे पुस्तक फक्त खेळ चालवणाऱ्यानं वाचावं, खेळणाऱ्यांना यातलं काहीही कळू देऊ नये.

मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. मान वर करवंना.

"चारशे वाया गेले म्हणा," मी पुटपुटलो.

"वाया कशाला?" बाबूजी म्हणले. "सात रविवार गोष्ट ऐकली. पुस्तक बिलकुल महंगा न्हाई."

"पुस्तक न्हाई, बाबूजी," सुदाम म्हणला, "हा वाचणारा महाग पडला."

चारशे परत दिले मी. त्यात त्यांनी दुसरं पुस्तक मागवलं, तेबी जाड पुठ्ठ्याचंच. सुदाम मांडीवर डिक्शनरी घेऊन खेळ चालवायचा. बराबर वर्षभर पुरलं. मला मात्र त्यातली फक्त प्रस्तावना वाचायला दिली.