वीतभर सरकलेली गाठ

आमच्या भागातल्या नव्या मैदानाला माझं नाव द्यायचं तरुण मंडळींनी ठरवलं आहे. फलक रंगवून झाला आहे. मी नको म्हणालो, तर त्यांना तो माझा विनय वाटला. दुसऱ्यांदा जरा चिडून नको म्हणालो, तेव्हा 'जुनी माणसं अशीच असतात' असं म्हणून ते मलाच चहा पाजून गेले. म्हणून आता कागदावर लिहितो. निदान कागद तरी मला मोठ्या मनाचा म्हणणार नाही.

एकोणीसशे तीस-पस्तीसच्या सुमाराची गोष्ट. बारामतीत कालव्याच्या कडेला आम्ही अट्यापाट्या खेळत असू. आता हा खेळ फारसा कुणी खेळत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. जमिनीवर एकामागं एक नऊ आडव्या पाट्या आखायच्या. प्रत्येक पाटीवर आमचा एक गडी. समोरच्या संघानं त्या सगळ्या पाट्या चुकवत पलीकडं जाऊन परत यायचं. पाटीवरच्या गड्यानं आपली पाटी सोडायची नाही. अपवाद एकाचा, सुराचा. सगळ्या पाट्यांना मधोमध छेदणारी एक उभी पाटी असते, तिच्यावरून सूर हवा तिथं धावतो. तो वेळेवर पोचला, तर समोरचे गडी दोघांच्या मध्ये कोंडले जातात. नाही पोचला, तर मागच्या आठ जणांनी कितीही हात पसरले तरी उपयोग नाही. संघ सुराचा असतो, बाकीचे आम्ही कुंपण.

आमचा सूर माळव्याचा धंदा करणारा. पहाटे मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधायच्या, डोक्यावर टोपली घेऊन बाजारात बसायचं. बाजारात त्याला सगळे 'अरे' म्हणत. 'अरे, ही जुडी सुकलेली हाय, दुसरी काढ.' पण मैदानात पाय ठेवला की तोच माणूस 'सूरराव' व्हायचा. ज्यांच्याकडं चाळीस एकर ऊस होता ते आबासुद्धा म्हणायचे, "या सूरराव, बसा." आबा आमच्या पंचांचे प्रमुख. दिवसातले ते दोन तास 'राव' लागायचं, आणि तेवढ्यावर त्या माणसाचे उरलेले बावीस तास निघायचे. हे मला तेव्हाही कळत होतं. नंतर कळलं असं म्हणायची सोय नाही.

त्याची एक खुबी होती. तो धावताना जमिनीकडं बघत नसे. एका पाटीपासून दुसरीपर्यंत तीन ढांगा, हे त्याच्या पायांत मुरलेलं होतं. डोळे समोरच्या गड्याच्या डोळ्यांत, आणि पाय आपोआप नेमक्या जागी. सहा वर्षं तो असा खेळला.

मी शेवटच्या, नवव्या पाटीवर. शिवाय मैदान आखायचं काम माझं. पावसाळ्यात आखणी धुऊन जायची, दिवाळीनंतर ती नव्यानं करावी लागे. आमच्या घरी उसाच्या सऱ्या आखायचा अंबाडीचा दोर होता. सरी दोन हातांची, आणि दर तीन सऱ्यांना दोरात एक गाठ. म्हणजे गाठीपासून गाठ सहा हात. दोन पाट्यांमधलं अंतरही सहा हात. त्यामुळं उसाचा आणि खेळाचा दोर एकच. पाट्यांची लांबी बांबूनं मोजत, पण त्यांच्यामधलं अंतर मात्र या दोरानं.

त्या वर्षी नव्या जातीचा ऊस आला. त्याला सरी रुंद लागते असं सांगण्यात आलं. म्हणून वडिलांच्या सांगण्यावरून मी सरी चार बोटांनी वाढवली. तीन सऱ्यांची बारा बोटं, म्हणजे एक वीत. दोरातली प्रत्येक गाठ सोडून, आधीच्या गाठीपासूनचं अंतर वीतभर वाढेल अशी मी पुढं बांधली. ऊस लावून झाला. दिवाळी झाली. मी तोच दोर खांद्यावर टाकून मैदानावर गेलो आणि पाट्या आखल्या.

इथवर माझा गुन्हा नाही. इथवर मी फक्त गाढव होतो.

दर पाटीला एक वीत. सूर निघायचा पहिल्या पाटीवरून, तिथून नवव्या पाटीपर्यंत आठ अंतरं, आठ विती, म्हणजे चार हात. त्याचे पाय जुन्या हिशेबानं थांबायचे आणि पाटी चार हात पुढं असायची. समोरचा गडी त्या फटीतून हसत निघून जायचा. कऱ्हाटीच्या संघानं आम्हाला आमच्याच मैदानावर हरवलं. मग सुप्याच्या संघानं. मग तर कुणीही यावं आणि हरवून जावं अशी आमची ख्याती झाली. सूरराव रोज तासभर आधी यायचा, एकटाच धावायचा, आणि थांबून पायांकडं बघायचा. हा माणूस जमिनीकडं बघतो, हेच मी पहिल्यांदा पाहिलं.

एकदा मला म्हणाला, "ती पल्याडची बाभळ जवळ आली का रं?"

मैदानाच्या टोकाला एक बाभळ होती. मी हसून म्हणालो, "सूरराव, बाभळ कशी यील?"

त्यानंतर आठेक दिवसांनी उसाच्या राहिलेल्या कोपऱ्यात सऱ्या आखताना दोर माझ्या बोटांतून सरकला, आणि गाठीच्या अलीकडं एक पिळदार वळ हाताला लागला. अंबाडीचा दोर गाठ सुटली तरी तिथं वाकडा राहतो. जुनी गाठ तिथं होती. मी वळापासून गाठीपर्यंतचं अंतर वितीनं मोजलं. बाभळ जवळ कशी आली ते मला समजलं.

पहिला विचार आला, आत्ताच जाऊन सांगू. दुसरा आला, उद्या सांगू, म्हणजे नीट सांगता येईल. आणि नीट कसं सांगायचं याचा विचार करता करता पंच बसण्याचा दिवस आला. हा उशीर उगाच नव्हता, कारण सूर काढला, तर नवा सूर कोण, यावर गावात एकच नाव होतं. ते माझं होतं.

पंच आबांच्या गुऱ्हाळावर बसले. काहील उतरवलेली होती, सगळ्यांच्या हातात गरम गूळ. इंदापूरचा सामना महिन्यावर आला होता.

आबा म्हणाले, "इंदापूरकर आपल्याला हसत्याल. सूर ठिवायचा का काढायचा, त्येवढं आज बोला."

मास्तर शाळेत शिकवायचे आणि सबुरीनं बोलायचे. ते म्हणाले, "आबा, एका हंगामावरून माणूस काढू नये. सहा वर्षं त्यानं आपल्याला जिंकून दिलंय."

"मास्तर, तुमी शाळंत नापास पोराला मागलं मार्क धरून पास करता व्हय?"

सगळे हसले. सूरराव तिथंच, मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. त्याला बसायला कुणी सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, "आबा, मी पळतोय पयल्यासारखाच. पर ती बाभळ जवळ आल्यागत वाटती. पाट्या लांबल्यात का काय, एकदा बगा."

मग आबाच म्हणाले, "आरं, बाभळ चालत आली! तिला इचारा रं कुणीतरी, सूर हुतीस का म्हनावं!"

मग असा हशा पिकला की गूळ लोकांच्या घशात अडकला. मीही हसलो. हसलो नसतो तर दिसून आलं असतं.

एकटे मास्तर हसले नाहीत. माझ्याकडं वळून म्हणाले, "आखणी बरोबर आहे ना रे?"

"त्योच दोर हाय, मास्तर. चार वर्सं त्याच दोरानं आखतोय."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोललो असेन, पण या खऱ्याइतकं वाईट काही बोललो नाही.

आबांनी विचारलं, "तू शेवटल्या पाटीवर असतुयास. तुला काय दिसतं?"

"मानूस जीव तोडतुया, आबा," मी म्हणालो. "पन..."

पुढं बोललो नाही. पुढचं पंचांनी आपापल्या मनात भरून घेतलं. लोक म्हणाले, पोरगा बघा किती सभ्य, सुराविरुद्ध शब्द काढला नाही.

सूर मी झालो. दुसऱ्याच दिवशी, पाट्या पुसट झाल्यात असं सांगून मी मैदान नव्यानं आखलं. आदल्या संध्याकाळी दोराच्या गाठी जुन्या वळांवर आणल्या होत्या. अंतर सहा हात झालं, आणि संघ लगेच खेळायला लागला. कोंड्या पडू लागल्या. आबा मांडी थोपटून म्हणाले, "बगा, सूर बदलला की कसा फरक पडतो!"

पंधराएक दिवसांनी जुना सूर मैदानावर आला. खेळ संपला होता, मी एकटाच होतो. त्यानं धोतराचा काचा मारला, उभ्या पाटीवर उभा राहिला आणि समोर बघत धावला. तीन ढांगा, पाटी. तीन ढांगा, पाटी. शेवटच्या पाटीवर पाय बरोबर पडला. तिथंच उभा राहून त्यानं बाभळीकडं पाहिलं आणि धापा टाकत हसला.

"पाय परत आलं रं," तो म्हणाला. "सुप्याच्या बाजारात एक म्हातारा त्याल इकतो. पंधरा दिस चोळलं. बाभळसुदिक गेली जागंवर." मग हळू आवाजात, "तू पाट्या बदलल्या न्हाईस न्हवं?"

"न्हाय," मी म्हणालो.

"मंग त्यालच ते." मग त्यानं धोतराचा काचा सोडला. "आबांना सांगशील? इंदापुरापुरतं तरी. तुजं ऐकत्याल."

मी म्हणालो, सांगतो. आबांना सांगितलंही. म्हणालो, "जुना सूर म्हनतो, पाय सुदारलं." आबा म्हणाले, "तुला काय वाटतं?" मी म्हणालो, "एकट्यानं मोकळ्या मैदानात पळनं येगळं, आबा." हेही अक्षरशः खरं होतं.

इंदापूरला आम्ही सर्व्हिस मोटारीनं गेलो. आमच्यात रिवाज असा, की नव्या सुराच्या पहिल्या मोठ्या सामन्याला जुन्यानं त्याच्या डोक्याला फेटा बांधायचा. त्यासाठी त्याला बरोबर नेलं होतं, नाहीतर कुणी नेलं नसतं. त्यानं फेटा मन लावून बांधला, जुडी बांधावी तसा, एकही पदर सैल नाही. "घट्ट झाला का, सूरराव?" असं त्यानं मला विचारलं. तो शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

सामना आम्ही जिंकलो. मी फार बरा खेळलो असंही नाही, पाटीवरच्या गड्यांनी राखलं. परतताना मोटारीत आबा मोठ्यानं म्हणाले, "आरं ए, जरा सरक, सूररावांना बसू दे." तो सरकला. त्या दिवसापासून मरेपर्यंत तो 'अरे' राहिला आणि मी आधी सूरराव, मग सूरतात्या झालो. सुप्याच्या म्हाताऱ्याचं तेलही चांगलं खपलं. ज्याला विचारावं तो सांगायचा, त्या सुराचे पाय त्यानंच आले होते, जरा उशिरा आले एवढंच.

पुढं म्हातारपणी, तो अंथरुणाला खिळल्याचं कळलं, तेव्हा मी दोर घेऊन त्याच्याकडं गेलो. तो अंथरुणातच गुडघ्यांना तेल चोळत बसला होता. मी म्हणालो, "सूरराव, एक सांगायचं हाय."

त्यानं मान वळवून दाराकडं कान दिला, कुणी दुसरं आलंय का म्हणून.

मी सगळं सांगितलं. ऊस, सरी, चार बोटं, वीत, गुऱ्हाळ, 'त्योच दोर'. दोर त्याच्या हातात दिला, पहिली गाठ आणि ती सरकवली होती तिथला वळ त्याच्या बोटांना लावला. त्याला दिसत नव्हतं. त्यानं दोर चाचपला, वीत लावून पाहिली, आणि गुंडाळून माझ्याकडं सारला. मला वाटलं, आता शिवी देईल. मी तिची वाट बघत होतो.

"तात्या," तो म्हणाला, "माझं दिस भरत आल्यात म्हनून समजूत काडाय आलास व्हय? लई मोठं मन तुजं."

"आवो, खरंच सांगतोय."

"दोराला काय, कुटंबी गाठ मारावी. पाय माझंच गेलं हुतं. त्यालानं आलं." मग सुनेला हाक मारून म्हणाला, "तात्यांना च्या टाक गं. आपला सूर हाय ह्यो."

मी चहा पिऊन आलो. दोर माझ्या ट्रंकेत आहे. उद्घाटनाच्या दिवशी पाट्या आखायला मी तोच नेणार आहे. कुणाला शंका असेल, त्यानं फलक लावण्याआधी दोराची पहिली गाठ आणि तिच्यापुढचा वळ यांच्यामधलं अंतर मोजावं. एक वीत भरेल.