वत्सलाबाईंचा हात

ग्रामपंचायतीत कोणी बाईला नवऱ्याच्या नावाने हाक मारली की वत्सलाबाई बैठक थांबवायच्या. चपराशी माझ्याबद्दल विचारायचा, "देवाजीची बायको आली काय?" त्या म्हणायच्या, "देवाजीची बायको घरी असते. इथं मेंबर आली आहे. तिले नाव आहे, ते घे." तो नाव घेईपर्यंत पुढचा विषय निघायचा नाही. लग्नानंतर 'इंदू' हे माझं नाव चारचौघांत मोठ्याने मी तिथेच पहिल्यांदा ऐकलं, आणि लाजेने मान खाली घातली.

आमचं गाव सिहोऱ्याच्या बाजूचं. तेव्हा वत्सलाबाई बायांसाठीच्या राखीव जागेवर सरपंच होत्या आणि मी नवीन सदस्य. त्या तलावाच्या पाळीखालच्या मोठ्या शेतकरी घरच्या. मी बौद्ध मोहल्ल्यातली, चौथी शिकलेली, त्यांच्याच बांधीत धानाच्या रोवण्याला मजुरीने जाणारी. पहिल्या बैठकीला त्यांचे यजमान सवयीने शेजारी येऊन बसले, तर त्या हळूच म्हणाल्या, "अजी, म्हशी एकट्याच आहेत घरी." सगळे हसले. ते बिचारे उठून गेले, पुन्हा आले नाहीत.

खुर्च्या कमी होत्या म्हणून आम्ही बाया भिंतीजवळ सतरंजीवर बसायचो. वत्सलाबाई एकदा आपली खुर्ची सोडून आमच्यात येऊन बसल्या आणि म्हणाल्या, सरपंच खाली आहे तर बैठक खालीच होईल. पुरुष सदस्यांना खाली यावं लागलं. एका म्हाताऱ्याचे गुडघे दुखले, तो कण्हत राहिला. पुढच्या बैठकीला सगळ्यांपुरत्या खुर्च्या आल्या होत्या.

मोहल्ल्यातल्या बोअरिंगचा विषय त्यांनी मलाच मांडायला लावला. "आवाज कापते तर कापू दे वो. शब्द मात्र पुरा कर." मी पुरा केला. बोअरिंग झाली.

पुढच्या निवडणुकीत आम्ही दोघी पुन्हा निवडून आलो. बायांचा आकडा पुरुषांपेक्षा एकाने जास्त झाला. पण सोडतीत सरपंचाची जागा खुली निघाली, आणि खुली म्हणजे पुरुषाची असं गावाने धरूनच टाकलं. कोणाला ते विचारावंसंही वाटलं नाही. वत्सलाबाईंनी आम्हा सदस्य बायांना आपल्या अंगणात बोलावलं. म्हणाल्या, "खुली म्हणजे माणसाची, असं कोणं सांगतलं? खुली म्हणजे सगळ्यांची." मग माझं नाव घेतलं.

मी नको म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. "मी राखीव जागेवर बसली, तर लोक म्हणतात सरकारनं बसवली. तू खुल्या जागेवर बस. मंग कोणाले बोलाले तोंड राहणार नाही." सरपंच तेव्हा सदस्यच आपल्यातून निवडायचे. चिठ्ठ्या टाकायच्या की हात वर करायचे, हेही त्यांनीच ठरवलं. लपून कायले, हातच वर करू, म्हणाल्या. त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, मला व्हायचं आहे सरपंच. असं काही मी याआधी कधी मागितलं नव्हतं.

निवडीच्या दिवशी समोर उभा होता वत्सलाबाईंच्या दिराचा मुलगा. तहसीलच्या साहेबांनी आधी त्याचं नाव घेतलं. पुरुषांचे हात वर गेले. आणि माझ्या बाजूला बांगड्या वाजल्या. मी वळून पाहिलं. वत्सलाबाईंचा हात वर होता, आणि त्या समोरच्या भिंतीकडे पाहत होत्या. माझ्या नावाला बाकीच्या बायांचे हात वर झाले. ते पुरले नाहीत.

संध्याकाळी त्या मागच्या दाराने आल्या. मी चहा ठेवला.

"मले त्या घरात राहाचं आहे, इंदू," त्या म्हणाल्या. मी कप त्यांच्यापुढे सरकवला. मग त्या म्हणाल्या, "राखीव असती ना, तर तुह्यासाठी माझा हात पहिला वर गेला असता."

"बाई, खुली म्हणजे सगळ्यांची, हे तुमीच सांगतलं होतं."

"सांगतलं होतं," त्या म्हणाल्या, आणि चहा तसाच ठेवून निघून गेल्या.

पाच वर्षं आम्ही एकाच खोलीत बैठकीला बसलो. त्या पूर्वीसारख्याच बायांसाठी भांडायच्या. माझ्या बाजूनेही बोलायच्या. चांगलंच बोलायच्या, आणि तेच मला जास्त लागायचं.

त्यानंतर सरपंच थेट गावाने निवडायचा ठरला आणि जागा बायांसाठी राखीव आली. मी उभी राहिले. घरोघर मत मागत फिरले, पण त्यांच्या दारापुढून तशीच गेले. त्या तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या. तरी मतदानाला दोघांच्या आधाराने आल्या. यंत्राच्या आडोशाला गेल्या, बाहेर आल्या, माझ्याकडे पाहून हसल्या.

मी निवडून आले. त्यांनी सुनेच्या हाती निरोप पाठवला, "इंदूले सांग, माझं मत तिलेच होतं." थोड्याच दिवसांत त्या गेल्या. मयतीला मी सगळ्यांसोबत रडले, ते रडणं खोटं नव्हतं. पण तो निरोप खरा मानावा की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मतदानाच्या त्या दिवशी हात वर करायचा नव्हता.