कपाळावर दोंडाईचा

बाजारात हल्लेखोर घुसले तर जखमींचं रक्त कसं थांबवायचं, हे शिकायला आमच्या साडीबाजारातून दोन माणसं धाडायची होती. शेठनी मला आणि माझ्या जोडीदाराला निवडलं. का, तर आम्ही पार्सलं बांधतो, म्हणजे बांधाबांधी येतेच. धन्य त्या अकलेची.

जोडीदार दोंडाईच्याचा, मी अमळनेरकडचा. अठरा वर्षं एकाच गाळ्यात. मागच्या दिवाळीत पार्सलाच्या पत्र्याच्या पट्टीने त्याचा हात फाटला आणि मी नुसता बघत राहिलो. पाय हलेनात. शेवटी चहावाल्याने त्याला दवाखान्यात नेलं. त्यावर जोडीदार कधी चकार शब्द बोलला नाही, आणि तेच मला आतून खात होतं. पुन्हा तशी वेळ आली तर मी हलेन का, एवढंच मला बघायचं होतं.

शिकवणाऱ्या साहेबांचा आवाज भोंग्यासारखा. "बाहेर गोळ्या चालू आहेत. डॉक्टर आत येणार नाही. जखमीला खांबाआड ओढा, जखमेच्या वर पट्टा बांधा, त्यात अडकवलेली दांडी पिळून तो आवळा, बांधल्याची वेळ कपाळावर लिहा. बाकी काही करू नका."

जखमी झाला जोडीदारच. हातावर लाल रंग ओतून घेतला, आई गं मेलो म्हणून विव्हळला, आणि मरता मरता खिशात माव्याची पुडी चाचपत राहिला.

फटाक्यांची लड वाजली, धूर झाला आणि माझं डोकं रिकामं झालं. पुढचं काही आठवत नाही, हातांनीच परस्पर उरकलं. धूर विरला तेव्हा पट्टा दंडावर करकचून बसला होता. पण जोडीदाराचे पायही माझ्या खिशातल्या सुतळीने उभे-आडवे बांधलेले, आणि कपाळावर मार्करने ठसठशीत 'दोंडाईचा'. सकाळपासून तिकडचाच माल बांधत होतो, काय करणार?

सगळे खदाखदा हसले. साहेबांनी त्याच्या मनगटाची नाडी दोनदा चाचपली.

"रक्त थांबलं," ते म्हणाले. "पण भाई, वेळ कुठंय? आणि पाय कशाला बांधले?"

"माल हलतो, साहेब."

मला नापास केलं. उद्या परत या म्हणाले.

घरी गोडादऱ्याला जाताना रिक्षात जोडीदार कपाळ पुसायला तयार नाही. समोरची बाई टकामका बघत होती.

"पूस की लेका, लाज आणतोस," मी म्हटलं.

"राहू दे," तो म्हणाला. "त्या दिवशी नुसता उभा होतास. आज निदान घरी तरी धाडलंस."