बांगड्या भरताना फोन उचलायचा नाही

सोनाळ्यात लग्न ठरलं की माझी नणंद तानुबाई मंडपवाल्याच्या आधी खुर्शीदाबीला निरोप धाडते. खुर्शीदाबी मणियारीण. आधी तिची सासू या घरात बांगड्या भरायला यायची, आता ती येते. काखेत पेटी, तोंडात सुपारी, आणि बोलणं असं ठणठणीत की समोरच्यानं आधी ऐकूनच घ्यावं. मला अशी माणसं आवडतात. मलकापूरला माझं कापडाचं दुकान आहे. तिथे दिवसभर ‘बघू, विचारून सांगतो’ म्हणणाऱ्यांनी माझं डोकं पिकवलेलं असतं.

खुर्शीदाबीचे नियम ठरलेले. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. आणि अर्धा भरलेला हात घेऊन उठायचं नाही. दाराशी पाहुणे येवोत की चुलीवर दूध उतू जावो, नवरीनं दोन्ही हात भरून झाल्यावरच पाट सोडायचा. या बाबतीत ती तानुबाईचंही ऐकत नाही, आणि तानुबाई कुणाचंच ऐकत नाही, म्हणजे बघा.

तिची आणखी एक गोष्ट सगळ्या तालुक्याला माहीत आहे, कारण ती स्वतःच सांगत फिरते. तिचा भाचा जुनेद यानं आपलं बँकेचं खातं कुणा सट्ट्याच्या गेमवाल्यांना भाड्यानं दिलं होतं. काही करायचं नाही, नुसतं खातं द्यायचं आणि घरबसल्या पैसे घ्यायचे. लोकांचे लुबाडलेले पैसे त्या खात्यातून फिरत होते. बँकेनं खातं गोठवलं तेव्हा नातेवाईक म्हणाले, पोराला बऱ्हाणपूरला धाडून द्या. खुर्शीदाबीनं त्याचं मनगट धरलं आणि पोलीस ठाण्यात नेऊन सगळं बोलायला लावलं. त्याच्या तारखा अजून चालू आहेत. ‘घरची गोष्ट लोकाईले काऊन सांगता?’ असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, “ही बला माह्या घरात घुसली, तशी तुमच्याबी घरात घुसन. सांगाले नको का?”

यंदा तानुबाईच्या करिष्माचं लग्न होतं. आदल्या दिवशी सकाळी माजघरात पाट मांडला. डावा हात भरून झाला, उजव्यात चार-दोन बांगड्या चढल्या, आणि खिडकीत चार्जिंगला लावलेला करिष्माचा फोन वाजला. मी जवळ होते. तिच्या सासरचा असेल म्हणून मी उचलला आणि तिला ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

“मॅडम, आपली जिंकलेली रक्कम तयार आहे. फक्त टॅक्स भरून टाका. दहा मिनिटांत भरला नाही तर सगळं रद्द होईल.” आवाज जिलबीच्या पाकासारखा.

करिष्माचा चेहरा पांढराफटक पडला. मी फोनवर हात दाबून विचारलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. रंग ओळखायचा एक गेम ती खेळत होती. सुरुवातीला थोडे पैसे जिंकली आणि ते खरोखर खात्यात आले. मग गेममध्ये मोठी रक्कम दिसायला लागली, पण निघेना. ती सोडवायला एकदा ‘फी’ भरून झाली होती. आता टॅक्स. आणि भरायचा कशातून, तर हॉलवाल्याला आणि आचाऱ्याला ऑनलाइन द्यायचे म्हणून तानुबाईनं तिच्या खात्यात ठेवलेल्या पैशांतून. ते गेले असते तर दुसऱ्या दिवशी वऱ्हाड दारात आणि हॉलला कुलूप.

“खाला, हात सोडा. एकच मिनिट,” करिष्मा म्हणाली.

खुर्शीदाबीनं हात सोडला नाही. “अर्धा हात घेऊन कुठी चालली? बस खाली.”

“दहाच मिनिटं हायेत वो! मंग सगळंच जाईन.”

“हे पाय, मलेबी या हाताले तितकाच येळ लागते. तो खरा असन, तर येळ सरल्यावर गप बसन. खोटा असन, तर पुन्हा फोन करन. आपन पाहू.”

एवढं बोलून तिनं पुढची बांगडी अशी सावकाश चढवायला घेतली, की पोरीच्या बापाची सगळी शेतं विकली गेली तरी तिला घाई नाही. मला मात्र राहवेना. मी फोनवरचा हात काढला आणि म्हटलं, “अहो साहेब, जिंकलेले पैसे तुमच्यापाशीच आहेत ना? मग टॅक्स त्यातूनच कापून घ्या की.”

पाक आटला. “तसा नियम नाही. तुम्ही कोण? मॅडमला फोन द्या.”

“मॅडमचे हात गुंतलेत,” म्हणून मी फोन कापला. मला फार बरं वाटलं.

करिष्मा रडायला लागली. हात इतका ताठ केला की एक बांगडी वाढली. “सैल सोड, माय,” खुर्शीदाबी म्हणाली आणि अंगठ्याखालचा सांधा दाबत राहिली. दहा मिनिटं सरली. पुढची दोनही सरली. मग फोन वाजला.

“मॅडम, फक्त तुमच्यासाठी मुदत वाढवून घेतली. निम्मे भरले तरी चालतील.”

करिष्मानं ऐकलं. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “कापा मामी,” म्हणाली. खुर्शीदाबीच्या हातातला तिचा हात सैल पडला आणि उरलेल्या बांगड्या भराभर चढल्या. त्या पोरीचा मला तेव्हा फार अभिमान वाटला.

“आता उठ,” खुर्शीदाबी म्हणाली. “गेम काढू नको, नंबर खोडू नको. सगळ्याचे फोटो काढून ठेव आन् सायबर पोलिसाईच्या १९३० ले फोन लाव. गेलेले येतीन का ते मले सांगता येत नाई. जानारे थांबले. आन् उद्या कोनी म्हनन, ‘मी पोलीस, पैसे सोडवून देतो, फी भरा’, तर तोबी त्याचाच भाऊ.”

“पन आई आयकन ना.”

“आयकू दे.”

करिष्मानं फोन लावला. घरात रेंज धड नाही, त्यामुळे प्रत्येक गोष्ट ओरडून सांगावी लागली: स्वतःचं नाव, बँक, गेमचं नाव. बाजूच्या खोलीतल्या बायकांचा गलका थांबला. तानुबाई दारात आली.

“हॉलचे पैसे?” एवढंच तिनं विचारलं.

“हायेत, आई.”

तानुबाई आत येऊन लेकीशेजारी बसली. तिच्यामागून करिष्माची मोठी काकू आत आली, रुक्मिणीबाई. पोरींच्या हाती फोन देऊ नये म्हणून हिनं सकाळीच सगळ्या घराला झापलं होतं. तिनं दार लोटून घेतलं, कमरेची पिशवी उघडली आणि आपला फोन काढून करिष्मासमोर धरला.

“त्याईले म्हन, फोन ठेवू नका,” ती हळूच म्हणाली. “हाच गेम हाये माह्यातबी.”