आवाजावर शिजणारं मटण

गेल्या हिवाळ्यात आई कोल्हापूरहून दोन महिन्यांसाठी दुबईत, अल कुसैसला आमच्याकडे आली होती. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये मोरोक्कोची एक बाई राहते. शिवणकामाच्या दुकानात काम करते आणि तिथल्या भारतीय कारागिरांकडून मोडकंतोडकं हिंदी शिकली आहे. दर शनिवारी तिच्या दारातून दालचिनीचा आणि मटणाचा असा वास यायचा, की मी आलेली लिफ्ट मुद्दाम सोडून द्यायचे. शेवटी मी तिला म्हटलं, मला शिकव. "इन्शाल्ला," ती म्हणाली. टाळतेय असं मला वाटलं. पण त्याच शनिवारी सकाळी मातीचं भांडं कवेत घेऊन ती दारात उभी राहिली. खाली पसरट थाळी, वर टोपीसारखं उंच, निमुळतं झाकण. त्याला ताजीन म्हणतात, आणि त्यात जे शिजतं त्यालाही.

आई ओट्याजवळ खुर्ची टाकून बसली. मटणाच्या बाबतीत आमच्या घरात तिचाच शब्द चालतो. बाईनं थाळीत तेल घातलं, त्यावर किसलेला कांदा, मटणाचे मोठे तुकडे, हळद, सुंठ, मिरपूड, दालचिनी, चिमूटभर केशर. वाटण नाही, फोडणी नाही. मग चहाच्या छोट्या पेल्यानं अर्धा पेला पाणी ओतलं, झाकण ठेवलं आणि भांडं तडकू नये म्हणून खाली लोखंडी तवा सरकवून गॅस अगदी बारीक केला.

"एवढ्याशा पाण्यात मटण शिजतंय होय गं?" आईनं मला विचारलं. मी ते हिंदीत सांगितलं.

"सबर, हज्जा," बाई हसून म्हणाली. वयानं मोठ्या बाईला त्यांच्याकडे हज्जा म्हणतात. सबर म्हणजे जरा दम धरा.

बोलता बोलता ती मधेच गप्प व्हायची आणि झाकणाशी कान न्यायची. एकदा तिनं मला गॅस आणखी कमी करायला लावला. एकदा दोन चमचे पाणी घातलं. सवय असेल, असं मी समजले. दीडेक तासानं तिनं सुके आलुबुखार आणि मध घातला, तेव्हा आईनं चमच्यात थोडा रस्सा घेऊन तिच्यापुढे धरला. "मीठ बघ म्हणावं."

बाईनं मान हलवली. "तुम देखो. मेरे को नहीं मालूम." आणि अगदी सहज सांगितलं, की चार वर्षांपूर्वी मोठा ताप आला होता, तेव्हापासून तिला वासही येत नाही आणि चवही लागत नाही. "नाक खलास. जीभ भी खलास."

लिफ्टपाशी मी थांबून घ्यायचे तो वास तिला स्वतःला एकदाही आलेला नव्हता.

सुरुवातीला दोनदा मटण करपलं, धूर दिसला तेव्हाच तिला कळलं. मग ती ऐकायला लागली. "पानी है, तो ऐसा बोलता है," म्हणत तिनं ओठांनी मंद बुडबुड केली. "पानी कम, तो ऐसा." जिभेनं बारीक तडतड.

आई उठली आणि तिनंही झाकणाशी कान नेला. बराच वेळ तशीच उभी राहिली. "मला तर सगळा एकच आवाज येतोय," ती हळूच म्हणाली. स्वयंपाकातलं काही आपल्याला येत नाही, असं तिच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

झाकण काढलं तेव्हा रस्सा दाट आणि चकचकीत झाला होता. चमचा लागताच मटण हाडापासून सुटलं. आम्ही खुबूस, म्हणजे इकडची अरबी रोटी, घेऊन जेवायला बसलो. आईनं पहिला घास घेतला आणि पुढच्या घासासाठी खुबूसचा तुकडा मोडला.

"हज्जा, कैसा है?" बाईनं विचारलं. "बोलो ना. पूरा बोलो."

दुसऱ्याच्या मटणाला आई फार तर 'बरं झालंय' म्हणते. तिनं हातातला तुकडा ताटात ठेवला. "आधी गोड लागतंय. साखरेगत न्हवं, कांदा लई वेळ परतल्यावर येतं तसं. मग मागनं सुंठ येतीया, घशाशी. तिखट न्हाई, ऊब आहे." ती थांबत थांबत बोलत होती, मी जमेल तसं हिंदीत सांगत होते. बाईनं डोळे मिटले होते.

"केशर?" तिनं विचारलं.

आईनं खात्री करायला आणखी एक घास घेतला. "आहे. पण गिळल्यावर कळतंय."

मी सांगितलं. बाईनं डोळे न उघडताच मान डोलावली.

पुढचे सगळे शनिवार आई समोरच्या घरी जेवायला जायची, मला न घेता. एकदा मी तिला बोलवायला गेले तर दार उघडंच होतं. आई तिच्या कोल्हापुरी मराठीत एकेका घासाबद्दल सविस्तर सांगत होती, आणि समोर बाई हात मांडीवर ठेवून ऐकत होती. मी आत न जाता परत फिरले.