गणपतराव नावाचं बदक

उंद्रीतल्या आमच्या गल्लीत शांताकाकूंच्या बदकांचे किस्से इतके साचलेत, की विहिरीवर घागर भरेपर्यंत एक होतो आणि ती डोक्यावर घेईपर्यंत दुसरा!

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं नवं होतं. ग्रामसेवकाने काकूंना बदकं आणून दिली. नाल्यात पिल्लांची रांग बघायची, एवढीच काकूंची हौस. त्यांचे मालक गणपतकाका मात्र पोळ्याच्या दुसऱ्या दिवसावर, करीच्या मटणावर, डोळा ठेवून होते.

"पोळ्यापर्यंत पिल्लं नाई निघाले, त करीले सगळे हंडीत!"

*

काकूंनी खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली. एकही फुटलं नाही. परसात नरच जास्त! दिवसभर मारामाऱ्या, माद्यांच्या मानेवर पीस राहिलं नाही.

नर कमी करायचे ठरलं. काका म्हणाले, "कोंबड्यात आरवते थो नर. इथंबी बोंबलते थोच नर!" आणि जोरात ओरडणारी दोन बदकं चिखलीच्या बाजारात विकून आले.

अंडी निम्मी झाली. बदकांत बोंबलते ती मादी, नराचा आवाज बसका!

काकू म्हणाल्या, "यायनं सोतावरून वळखलं!"

*

मग काकूंनी कारभार हाती घेतला. शेपटीवर पिसं वर वळलेली, तो नर. जास्तीचे नर देऊन त्यांनी माद्या आणल्या. आता सहा माद्या, नर एकच.

"एकटाच काऊन ठेवला?" काका उखडले.

"घरात मालक एकच पुरते. थोबी जास्तच होते!"

*

आम्ही गल्लीतल्या सुनांनी त्या नराचं नाव ठेवलं गणपतराव. चालणं काकांसारखंच होतं हो! पंचाईत झाली काकूंची. नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? त्या बदकालाही 'हे' म्हणू लागल्या.

एकदा माझ्या सासूबाईंनी विचारलं, "शांते, घरी हायेत काय तुये हे?"

"कुठचे वो! सकायपासून नाल्यात पडेल हायेत!"

सासूबाई घागर टाकून ओरडत सुटल्या. माणसं दोर घेऊन धावली. पारावर तंबाखू मळत बसलेले काका उठले, "कोन पडलं बे?" म्हणाले आणि दोराचं टोक धरून सगळ्यांच्या पुढे पळाले!

*

पोळा उजाडला. खुडूक कोंबडी नव्या अंड्यांवर अजून बसलेलीच. काकांनी हंडी घासायला काढलेली. काकूंच्या परसात खेपांवर खेपा चालल्या होत्या, आणि खरं सांगते, आमच्याही. सगळी गल्ली बाहेर बैल सजवत होती.

एकाएकी काकू परसातून धावत आल्या. डोक्यावर पदर नाही, ओच्यात पिवळी पिल्लं चिवचिवतायत! मला तर तिथंच नाचावंसं वाटलं. नाल्याकडे तोंड करून काकूंनी हाक मारली,

"गणपतराव! बाप झाले वो तुमी!"

सगळ्यांनी माना वळवल्या. उभ्या जन्मात काकूंनी हे नाव तोंडातून काढलं नव्हतं.

नाल्यातून एक बसका आवाज आला. आणि इकडे बैलाच्या शिंगाला रंग लावता लावता काका ताडकन उठले.

"ओ! आलो, आलो!"