टाकीला लावलेलं सोल्यूशन

वाचनालयातल्या मैत्रिणींनो, ह्यांच्या माघारी तीन वर्षं जपलेले मासे आज माझ्याच हातून मेले.

काचेची टाकी कोपऱ्यातून गळत होती. ह्यांच्या सायकल दुकानातलं पंक्चरचं सोल्यूशन घरात होतं. टाकी रिकामी करून आतून तेच लावलं आणि तासाभरात मासे परत सोडले. दुपारी पाच मासे उलटे तरंगत होते.

शेजारच्या पद्माक्का धावत आल्या. "वैनी, पाण्याला किती वास यायलाय की! तुमाला आला न्हाय?"

आला होता. पण ह्यांच्या हातांना रोज तोच वास असायचा. मला त्याची भीती कशी वाटेल?

सहावा मासा बादलीत आहे, अजून कल्ले हलवतोय. त्याला वाचवायचं ठाऊक असेल तिने या फलकावर लिहीत बसू नये, सरळ शुक्रवार पेठेत घरी यावं.